सोनोग्राफीतले बाळाचे वजन दहा दिवसांत घटले?

प्रश्न : माझे हे पहिलेच बाळंतपण असून सध्या सदतिसावा आठवडा सुरू आहे. ३५ आठवडे पूर्ण झाले तेव्हाच्या सोनोग्राफीत बाळाचे वजन २,६०० ग्रॅम होते. दहा दिवसांनी दुसऱ्या केंद्रात ते २,५०० ग्रॅम आले. बाळाची हालचाल नेहमीसारखी आहे आणि माझा रक्तदाबही ठीक आहे. बाळ सुकत तर नाही ना? आई सारखी डिंकाचे लाडू खायला लावते आहे. लवकर प्रसूती करून घ्यावी का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : तुमची काळजी मी समजू शकते, परंतु या दोन आकड्यांवरून बाळाचे वजन घटले असे म्हणता येत नाही. सोनोग्राफीचे यंत्र बाळाला तोलत नाही. डोक्याची रुंदी व घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी ही मापे सूत्रात घालून ते वजनाचा अंदाज काढते. त्यासाठी सर्रास वापरले जाणारे हॅडलॉक यांचे सूत्र १९८५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. या अंदाजात १० ते १५ टक्क्यांची चूक नेहमीचीच मानली जाते. म्हणजे २,६०० ग्रॅम लिहिलेले बाळ प्रत्यक्षात २,२१० ते २,९९० ग्रॅमच्या दरम्यान कुठेही असू शकते, आणि २,५०० ग्रॅमचे २,१२५ ते २,८७५ च्या दरम्यान. तुमचे दोन्ही आकडे एकमेकांच्या पट्ट्यात बसतात.

सगळ्यांत नाजूक माप पोटाच्या घेराचे. ज्या आडव्या छेदात जठराचा काळा ठिपका आणि यकृतात वळणारी नाळेची शीर एकत्र दिसते, तिथेच ते घ्यावे लागते. शेवटच्या महिन्यात बाळ दाटीवाटीने वळलेले असते, त्यामुळे प्रोब जरा तिरका धरला गेला किंवा जास्त दाबला गेला, की गोल छेद लांबट दिसतो. तुमच्या बाळाएवढ्या वजनात या घेरात एक सेंटीमीटरचा फरक पडला, तर अंदाज सुमारे सव्वाशे ग्रॅमने बदलतो. म्हणूनच वाढ पाहण्यासाठी दोन तपासण्यांत किमान दोन, शक्यतो तीन आठवड्यांचे अंतर ठेवतात. दहा दिवसांत बाळाची वाढ किती आणि मोजण्यातली चूक किती, हे वेगळे काढता येत नाही.

मात्र दुसरा अहवाल बाजूला टाकून देऊ नका. तो तुमच्या डॉक्टरांना दाखवा आणि पोटाचा घेर आठवड्यांच्या मानाने कमी आहे का, गर्भजल पुरेसे आहे का, हे विचारून घ्या. शंका वाटली तर ते नाळेतील रक्तप्रवाहाची डॉप्लर तपासणी करतील, आणि प्रसूती लवकर करायची का, हे या सगळ्यावरून ठरेल. केवळ शंभर ग्रॅमच्या फरकासाठी ती घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढची सोनोग्राफी शक्यतो एकाच केंद्रात करा आणि प्रसूतीची तारीख पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून ठरलेलीच धरा. शेवटच्या अहवालावर छापलेल्या नव्या तारखेने गोंधळून जाऊ नका. लाडू आवडीने खा, पण पोट भरल्यावर बळेबळे नको.

बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी जाणवली, रक्तस्राव झाला, अंगावरून पाणी गेले, किंवा डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता, रात्र असली तरी, थेट प्रसूतीची सोय असलेल्या रुग्णालयात जा.