बाबा बरं वाटलं की पंप बंद करतात, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होऊन धाप लागणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार) आहे, रोजचा पंप (इनहेलर) ते थोडे दिवस नीट घेतात, बरं वाटलं की सोडून देतात आणि धाप लागली की मग तात्पुरत्या आरामाचा पंप सारखा ओढतात. समजावून झालं, रागावून झालं. छातीच्या रुग्णांना पंप घ्यायला शिकवणं हे माझं रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी रागावणं थांबवा. बाबा हट्टीपणा करताहेत असं मला वाटत नाही, ते आपल्या अनुभवावर चाललेत. तात्पुरत्या आरामाच्या पंपातलं सॅल्ब्युटामॉल ओढलं की काही मिनिटांत छाती मोकळी होते. टायोट्रोपियम या औषधाचा किंवा स्टिरॉइड असलेला रोजचा पंप घेतल्यावर तसं लगेच काही जाणवत नाही. तो श्वासनलिका दिवसभर उघड्या ठेवतो, पुढचा धापेचा अटॅक टाळतो, आणि टळलेला अटॅक कुणाला दिसत नाही. आज बरं वाटतंय ते याच पंपामुळे, हे त्यांना कुणी निवांत बसून सांगितलंय का?

दुसरं, ते पंप घेतात कसा ते एकदा स्वतः बघा. 'घेता का?' असं विचारू नका, 'दाखवा' म्हणा. फवाऱ्याचा पंप असेल तर श्वास पूर्ण सोडून, मग हळू आणि खोल आत ओढायचा, ओढायला लागतानाच दाबायचं आणि जमेल तसं दहा सेकंद श्वास धरायचा. तोंडातून किंवा नाकातून पांढरा धूर बाहेर आला, तर औषध फुफ्फुसात पोचलंच नाही. बोटं आखडलेली असतील तर दाबणं आणि ओढणं एकत्र जमत नाही, तिथे स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावला की प्रश्न मिटतो. पावडरच्या पंपाचं नेमकं उलटं: जोरात, झटकन ओढायचं, आणि त्यात फुंकर मारायची नाही, नाहीतर ओलाव्याने पावडर चिकटते. कॅप्सूल घालायची असेल तर नंतर उघडून बघा, आत पावडर उरलीय का. एकाच माणसाला हे दोन्ही प्रकार दिलेले असले की गोंधळ होतोच. डॉक्टरांना विचारा, सगळी औषधं एकाच प्रकारच्या पंपात मिळतील का आणि दिवसातून एकदाच घेऊन भागेल का.

मग भीती. पंपाची सवय लागते, पंप म्हणजे शेवटचा उपाय, असं पुष्कळांच्या मनात असतं. सवय लागत नाही. स्टिरॉइडच्या पंपाने तोंड येतं, आवाज बसतो, हे मात्र खरं आहे. त्यासाठी प्रत्येक वेळी खळखळून चूळ भरून टाकायची. तोंड आलं म्हणून गुपचूप पंप सोडणारे आणि डॉक्टरांना 'हो, घेतो' सांगणारे रुग्ण मी पुष्कळ पाहिलेत. त्यांना खोटारडं ठरवू नका, त्यांना बोलणी खायची भीती असते.

नियमितपणाने किती फरक पडतो? टॉर्च नावाच्या मोठ्या चाचणीत ६,००० हून जास्त रुग्ण तीन वर्षं होते. ८० टक्क्यांहून जास्त डोस घेणाऱ्यांत ११.३ टक्के दगावले, कमी घेणाऱ्यांत २६.४ टक्के. नुसता औषधाविना पंप मिळालेल्यांतही असाच फरक दिसला, म्हणून हे सगळं श्रेय औषधाला देता येत नाही. नियमित घेणारी माणसं इतर काळजीही घेत असणार. हा आकडा बाबांना घाबरवायला वापरू नका. घाबरलेला माणूस पंप लपवतो.

रोजचा पंप दात घासायच्या ब्रशशेजारी ठेवा, म्हणजे घेतल्यावर चूळही तिथेच होते. डोस मोजणारा आकडा पंपावर असेल तर आठवड्याने दोघांनी मिळून बघा. बाबा सिगारेट ओढत असतील तर ती सुटण्यासाठी मदत आधी घ्या, तिच्यापुढे पंप कमी पडतो.

पुढच्या भेटीला घरातले सगळे पंप पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांसमोर बाबांनाच घेऊन दाखवू द्या. मध्येच ओठ निळसर दिसले, बोलताना वाक्य पुरं होईना किंवा बाबा असंबद्ध बोलायला लागले, तर भेटीची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.