गावठी टोमॅटो तडकतात, दर किती लावू?

प्रश्न : देवगडजवळ गावठी टोमॅटो लावलेत. फळं तडकतात. आठवडी बाजारात दर किती ठेवावा?

उत्तर : पाण्याचा ताण देऊन मग एकदम भरपूर पाणी दिलं की गर फुगतो, पातळ साल फाटते. जांभ्याच्या जमिनीत पाणी टिकत नाही. म्हणून थोडं थोडं, पण नेमाने द्या आणि बुंध्याशी भाताचा पेंढा पसरा. तळाशी गुलाबी छटा दिसताच फळ तोडा, घरात पिकतं. फ्रीजमध्ये मात्र नको, चव जाते.

दर काढताना खर्चाला विकाऊ मालाने भागा. १०० किलोंतले ३० तडकले आणि मजुरी, वाहतूक धरून खर्च २,१०० रुपये झाला, तर किलोला २१ नव्हे, ३० रुपये पडतात. नफा त्यावर. तडकलेले त्याच ढिगात स्वस्तात विकू नका, चांगल्याचाही भाव पडतो. वेगळ्या टोपलीत ‘सारासाठी’ म्हणून ठेवा.