पॅकेटसाठी साधं टर्मिनल

हे पाहा भाऊ, लिनक्सवर पॅकेट रेडिओ (हॅम रेडिओवरून मजकूर पाठवणं-घेणं) सुरू करायचा, तर पहिल्याच दिवशी कर्नलचं एएक्स.२५ (पॅकेटचा प्रोटोकॉल) अन् लिनपॅक (त्यावर चालणारं टर्मिनल) यांच्या नादी लागू नको. किसअटॅच (रेडिओचा मोडेम कर्नलला जोडायची कमांड) करता करताच रविवार जातो. माझे दोन गेले. आधी डायरवुल्फ हे सॉफ्टवेअर टाक. साउंडकार्डच्या जोरावर तोच टीएनसीचं, म्हणजे रेडिओच्या मोडेमचं, काम करतो, वेगळा डबा नको. कॉन्फिग फाइलीत कॉलसाइन (हॅमची ओळखखूण), साउंडकार्ड अन् पीटीटी (रेडिओ बोलता करायचा स्विच) एवढंच भर. १२०० बॉडवर ऐकताना ऑडिओ लेव्हल ५० च्या आसपास दिसली पाहिजे, अन् रेडिओचा स्क्वेल्च (खरखर दाबणारा) उघडाच ठेव. बहुतेकांचं घोडं इथंच अडतं. मग पॅराकॉन हे पॅकेटचं टर्मिनल घे. पायथॉनमधलं आहे, टर्मिनलच्या खिडकीतच चालतं. ८००० पोर्टवरून डायरवुल्फला जोडलं की झालं. वायर-जॅक नागपूरच्या बर्डीवर मिळून जातील. हॅमचा परवाना हाती येईस्तोवर मात्र फक्त ऐकायचं, बरं का!