अ‍ॅनोनिमस प्लेसमेंट : अज्ञात, बेनामी की निनावी?

ताई, तुमचा प्रश्न असा की इतवारीतल्या कापडवाल्यांच्या गूगल अ‍ॅड्सचा प्लेसमेंट रिपोर्ट, म्हणजे जाहिरात कोणकोणत्या साइटवर दिसली त्याची यादी, मराठीत करताना "अ‍ॅनोनिमस डॉट गूगल" अशी ओळ आली, मशीनने तिथे "अज्ञात वेबसाइट" टाकलं आणि मालक विचारून राहिले, "अज्ञात जागी माझे पैसे काहून गेले?" मग बरोबर शब्द कोणता?

अज्ञात तर अजिबात नको. पेपरात "अज्ञात वाहनाची धडक" किंवा "अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा" येतं तेव्हा सांगणाऱ्यालाच पत्ता नसतो. इथे गूगलला साइट पक्की माहीत आहे, त्या साइटचा वाटाही तिच्याच खात्यात जातो, फक्त साइटवाल्याने जाहिरातदाराला आमचं नाव दाखवू नका असं निवडलेलं असतं म्हणून नावाच्या जागी काही आकडे-अक्षरं दिसतात. लग्नाच्या छोट्या जाहिरातींत बॉक्स नंबर द्यायचे ना, पेपरच्या ऑफिसला नाव ठाऊक आणि वाचणाऱ्याला नाही, तसंच.

आणि असं का करतात तर बऱ्याचदा कारण साधं धंद्याचं असतं. मोठी साइट स्वतःच्या माणसांकडून जागा चढ्या भावाने विकते, उरलेली जागा गूगलच्या जाहिरात नेटवर्कवर स्वस्तात सोडते, आता तीच साइट तिथे नावासकट स्वस्तात दिसली तर थेट येऊन जास्त पैसे कोण देणार! अर्थात सगळेच असे नसतात, नाव दिसलं तर कोणी जाहिरात देणार नाही अशा फालतू साइटीही त्याच आडोशाला बसतात, त्यामुळे मालकांची शंका रास्तच आहे. नको असेल तर "अ‍ॅनोनिमस डॉट गूगल" हेच वगळायच्या यादीत टाकता येतं, हे त्यांना जरूर सांगा.

बेनामी मात्र चुकूनही लिहू नका. फारसी बे आणि नाम, म्हणजे शब्दशः बिननावाचं, पण आपल्याकडे 1988 च्या बेनामी व्यवहार कायद्यापासून आणि विशेषतः 2016 च्या दुरुस्तीनंतर त्याचा अर्थ एकच उरलाय, पैसा एकाचा आणि कागदावर नाव दुसऱ्याचं. ऑनलाइन जाहिरातीत याच्या जवळ जाणारा प्रकार वेगळाच आहे, एखादी टुकार साइट नामांकित पेपरची साइट असल्याचं भासवून जागा विकते. ते रोखायलाच 2017 मध्ये ऑनलाइन जाहिरातींची मानकं ठरवणाऱ्या आयएबी टेक लॅब या संस्थेने अ‍ॅड्स डॉट टीएक्सटी नावाची फाइल आणली, तिच्यात आमची जागा कोण विकू शकतं ते साइटनेच जाहीर करायचं. नाव लपवणं आणि दुसऱ्याचं नाव लावणं यांत फार अंतर आहे, एकाच शब्दात दोन्ही कोंबले तर सरळ साइटवालाही चोर ठरतो.

गोपनीय? अहवाल गोपनीय असतो, जागा गोपनीय म्हटली की लष्कराचा तळ वाटतो. अनामिक कवितेत शोभेल, हिशेबात नाही.

माझं मत निनावी. निनावी पत्र, निनावी तक्रार, नाव असतं पण धाडणाऱ्याने मुद्दाम दिलेलं नसतं, तो मुद्दामपणा या शब्दात मुरलेला आहे. "निनावी साइट" लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथे "साइटने नाव राखून ठेवले आहे" एवढं जोडा. प्लेसमेंट तसंच ठेवू नका, आपल्या नागपुरात प्लेसमेंट म्हटलं की कॉलेजात कंपनी आली असंच वाटते, सरळ "जाहिरातीची जागा" म्हणा.