लॅब्रॅडॉरला कच्च्या मांसाच्या आहारावर आणण्याविषयी

आपल्या प्रश्नाचा गोषवारा असा. पुण्यातील सदनिकेत वाढलेला, चार वर्षांचा, बत्तीस किलो वजनाचा, नसबंदी केलेला लॅब्रॅडॉर. पिल्लूपणापासून चिकनच्या किबलवर (म्हणजे कोरड्या दाणेदार तयार खाद्यावर). यंदाच्या पावसाळ्यापासून पंजे चाटणे आणि पोट खाजवणे सुरू. आणि ज्यांच्याकडून पिल्लू घेतले त्यांचा सल्ला असा, की किबल बंद करून त्याला कच्च्या चिकनवर आणावे, म्हणजे महिनाभरात कातडी सुधारेल. घरात दोन वर्षांची मुलगी आणि आपल्या वयोवृद्ध आई आहेत. आपण आहार बदलण्याची पद्धत विचारली आहे आणि ती मी पुढे सांगितली आहे. परंतु खाज थांबवण्यासाठी हा उपाय लागू पडेल असे मला वाटत नाही, आणि घरात लहान मूल असताना एवढे कष्ट घ्यायचेच असतील तर ते शिजवलेल्या आहारावर घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी खाजेचे पाहू. पावसाळ्यात सुरू झालेली खाज पाहिली की प्रथम गोचीड, पिसवा, दमट हवेत वाढणारी बुरशी आणि परागकण किंवा धुळीतील किड्यांची अॅलर्जी यांचा विचार करावा लागतो. अन्नाची अॅलर्जी ही या यादीत बरीच खाली येते. ती असलीच, तरी किबलमधील धान्यालाच दोष देण्याची जी पद्धत पडली आहे तिला फारसा आधार नाही. कुत्र्यांमधील अन्नाच्या अॅलर्जीवरील अभ्यासांचा २०१६ मध्ये जो एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात गोमांस, दुधाचे पदार्थ आणि चिकन हे तीन पदार्थ सर्वांत वर होते, आणि गहू त्यांच्यानंतर होता. म्हणजे आपल्या कुत्र्याला चिकन सोसत नसेल, तर चिकनचे किबल काढून कच्चे चिकन देण्याने दोषी पदार्थ तोच राहतो, केवळ त्याचे प्रमाण वाढते. कच्च्या आहाराने कातडी सुधारल्याचे अनुभव खोटे असतात असे मी म्हणत नाही. पण त्यातील पुष्कळ सुधारणा पावसाळा ओसरल्याने, वाढलेल्या स्निग्ध पदार्थांनी किंवा मांसाचा प्रकार बदलल्याने झालेली असू शकते, आणि या तिन्ही गोष्टींसाठी मांस कच्चे असण्याची गरज नसते.

कच्च्या आहाराची आजची चळवळ ऑस्ट्रेलियातील पशुवैद्य इयान बिलिंगहर्स्ट यांनी १९९३ पासून केलेल्या मांडणीतून वाढली. तिच्याच पुढच्या एका शाखेतून ८० टक्के मांस, १० टक्के हाड आणि १० टक्के अवयव, त्यातील निम्मी कलेजी, हे सर्वत्र ऐकू येणारे प्रमाण आले. कुत्रा हा लांडगाच आहे, ही यामागची मुख्य भूमिका. ती अर्धीच खरी आहे. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले, की पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात त्या अनेक पटींनी वाढलेल्या आहेत. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षे जगलेल्या प्राण्यात असा बदल घडणे स्वाभाविकच आहे. आपल्याकडची वाड्या-वस्त्यांवरील राखणीची कुत्री भाकरीच्या तुकड्यांवर वाढली, त्यांचे पोषण आदर्श होते असा दावा कोणी करू नये. पण शिजवलेला भात कुत्र्याला विषासमान आहे, हे मात्र साफ चूक आहे.

आता कॅल्शियम. कच्चा आहार सुरू करणाऱ्यांपैकी बहुतेक जण जंतूंची चिंता करतात, आणि कॅल्शियमची तेवढी करत नाहीत. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी नगण्य असते. शरीराला मात्र कॅल्शियम फॉस्फरसइतके किंवा त्याहून थोडे अधिक लागते. ही तूट शरीर स्वतःच्या हाडांतून भरून काढते. पिल्लांमध्ये काही आठवड्यांतच हाडे ठिसूळ होऊन उडी मारतानाही मोडू शकतात. प्रौढ कुत्र्यात हे इतके संथ होते, की वर्षभर सारे आलबेल वाटते. त्यामुळे "रोज पाऊण किलो बोनलेस चिकन" हा आहार नव्हे. हाडासकट दिले तरी जस्त, मँगनीज, आयोडीन आणि ड व ई जीवनसत्त्वे कमी पडतातच. हाच नियम शिजवलेल्या घरगुती जेवणालाही लागू आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१३ मध्ये कुत्र्यांसाठीच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या, तेव्हा ९५ टक्के कृतींत किमान एक आवश्यक घटक अपुरा आढळला.

जंतूंविषयी थोडक्यात सांगायचे, तर नेदरलँड्समध्ये २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत बाजारातील ३५ गोठवलेल्या कच्च्या खाद्यांपैकी २० टक्क्यांत साल्मोनेला आणि ५४ टक्क्यांत लिस्टेरिया मोनोसायटोजीनस सापडले. ही तयार, वेष्टनबंद उत्पादने होती. आपल्याकडे उघड्यावर टांगलेल्या मांसाची स्थिती याहून बरी असण्याचे कारण नाही. गोठवण्याने जीवाणू मरत नाहीत, ते थबकतात. निरोगी प्रौढ कुत्रा हे जंतू सहसा पचवतो, पण विष्ठेतून आणि लाळेतून ते कित्येक दिवस बाहेर टाकत राहतो, आणि त्याच्या वागण्यावरून त्याचा काहीही पत्ता लागत नाही. कुत्र्याने चाटलेला हात तोंडात घालणारी दोन वर्षांची मुलगी ही आपल्या घरातील सर्वांत असुरक्षित व्यक्ती आहे. आणखी एक गोष्ट, कारण आपल्याकडे कच्च्या आहाराची सुरुवात बहुधा स्वस्त मिळणाऱ्या चिकनच्या मानेपासून होते: मेलबर्न विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात कुत्र्यांचे पाय लुळे पाडणाऱ्या, मज्जातंतूंच्या एका विकाराचा संबंध कॅम्पिलोबॅक्टर या जीवाणूशी आढळला, आणि त्याचा संशयित स्रोत म्हणून कच्च्या चिकनकडे, विशेषतः मानेकडे, बोट दाखवले गेले. विकार दुर्मीळ आहे, हेही सांगितले पाहिजे. नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात २०२४ च्या अखेरीस तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले, तेव्हाही संशय कच्च्या चिकनवर आला होता. मार्जारकुळाला हा विषाणू कुत्र्यांपेक्षा कितीतरी अधिक बाधतो, तेव्हा घरात मांजर असल्यास तिला कच्चे चिकन मुळीच देऊ नये.

परदेशी लेखांतून कच्चा आहार शिकलेल्यांना ज्याची कल्पना नसते, तो आपल्याकडचा खरा धोका हायडॅटिडचा आहे. शेळ्या, मेंढ्या आणि म्हशी यांच्या यकृतात व फुफ्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी आढळतात. त्या एकायनोकॉकस नावाच्या फीतकृमीच्या अळ्यांच्या असतात. कुत्र्याने असा अवयव कच्चा खाल्ला, की त्याच्या आतड्यात हजारो बारीक कृमी वाढतात. त्याला काहीच होत नाही. पण सुमारे सहा आठवड्यांनंतर त्याच्या विष्ठेतून अंडी पडू लागतात, ती केसांना चिकटतात आणि माणसाच्या पोटात गेल्यास यकृतात किंवा फुफ्फुसात वर्षानुवर्षे वाढणारी गाठ तयार करतात, जी काढण्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागू शकते. खाटकाकडून "कुत्र्यासाठी" म्हणून जे वेगळे काढून मिळते, ते नेमके माणसांनी नाकारलेले अवयव असतात, आणि म्हणून तेच सर्वांत घातक ठरतात. दर तीन महिन्यांनी जंताचे औषध देण्याचा रिवाज येथे अपुरा पडतो, कारण दोन मात्रांच्या मधल्या काळात कृमी अंडी घालण्याइतके मोठे होतात. कच्चे अवयव खाणाऱ्या कुत्र्याला प्राझिक्वांटेल असलेले औषध सहा आठवड्यांच्या अंतराने द्यावे लागते. याहून सोपा मार्ग असा, की मांस कच्चे द्यायचे ठरले तरी कलेजी, फुफ्फुसे, गुर्दे आणि वजडी कायम शिजवूनच द्यावीत. या बाबतीत मी कोणतीही सवलत देत नाही. कलेजी शिजवली म्हणून तिचे पोषण नाहीसे होत नाही. आणि ती जास्त दिली तर अ जीवनसत्त्वाचा अतिरेक होतो, तो मात्र शिजवल्याने टळत नाही.

एवढे जाणूनही बदल करायचाच असेल, तर तो दोन ते तीन आठवड्यांत, एकाच प्राण्याच्या चरबी काढलेल्या मांसाने करावा: पहिले काही दिवस किबल चतुर्थांशाने घटवून तेवढ्या ऊर्जेचे मांस, मग विष्ठा घट्ट राहिल्यास निम्मे, मग पाऊण. अवयव आणि हाड पहिल्या आठवड्यात नकोतच. विष्ठा पांढरी आणि खडूसारखी भुरभुरीत झाली, तर हाड जास्त झाले असे समजावे. चिकट आणि डांबरासारखी काळी झाली, तर रक्तस्रावाच्या शंकेने त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्यावे. हाडांविषयी आपल्या जातीची एक खास अडचण आहे. केंब्रिजमधील संशोधकांना २०१६ मध्ये सुमारे चतुर्थांश लॅब्रॅडॉरमध्ये भूक अनावर करणारा जनुकीय बदल आढळला. असा कुत्रा हाड चघळत नाही, गिळतो. त्यामुळे शिजवलेले हाड कधीही देऊ नये, जनावराच्या पायाचे जाड हाड कच्चेही देऊ नये (वरची मोठी दाढ त्यावर चिरते), आणि मऊ हाड द्यायचेच तर खाटकाकडून खिमा यंत्रातून काढून आणावे. मांस धुऊ नये, कारण शिंतोड्यांनी जंतू ओट्यावर पसरतात. ते फ्रिजच्या खालच्या कप्प्यात झाकून वितळवावे, भांडी व पाट वेगळे ठेवावेत आणि न संपलेले अन्न अर्ध्या तासात उचलावे. भारनियमनात फ्रीझरमधील मांस मऊ पडले असेल, तर ते पुन्हा गोठवण्याऐवजी लगेच शिजवून टाकावे. स्वादुपिंडाचा दाह होऊन गेलेल्या, स्टेरॉइड चालू असलेल्या किंवा अजून वाढ चालू असलेल्या तरुण कुत्र्यासाठी यातले काहीच लागू नाही. त्यांना कच्चे देऊच नये.

मी आपल्या जागी असतो, तर पुढीलप्रमाणे केले असते. प्रथम कातडी खरवडून व बुरशीची तपासणी करून घ्यावी आणि गोचिडांचा पक्का बंदोबस्त करावा. त्यानंतरही खाज राहिली, तर आठ आठवडे असे शिजवलेले अन्न द्यावे, ज्यातील मांस त्याने आजवर खाल्लेले नाही. बोकडाचे मांस बहुतेक पुणेरी लॅब्रॅडॉरना नवीनच असते (भाव पाहता का, ते सांगायला नको). आपल्या कुत्र्याची रोजची गरज हिशेबाने सुमारे १५०० किलोकॅलरी येते. लठ्ठपणाकडे कल असल्यास बाराशेच पुरतात. अर्धा किलो बिनहाडाचे मटण, दीडशे ग्रॅम तांदळाचा भात, थोडा लाल भोपळा आणि दोन लहान चमचे तेल यांतून साधारण बाराशे किलोकॅलरी मिळतात. कांदा, लसूण, मसाला नको. कॅल्शियम मात्र वेगळे घालावेच लागेल: एरवी पाच ग्रॅम बारीक दळलेल्या अंड्याच्या कवचातून सुमारे १.९ ग्रॅम कॅल्शियम मिळते आणि ते दिवसाला पुरते, पण अॅलर्जीच्या चाचणीत अंड्याचा अंशही नको, म्हणून साधे, चव न घातलेले कॅल्शियम कार्बोनेट वापरावे. या आठ आठवड्यांत बिस्किट, पोळीचा तुकडा, आईंच्या ताटातील दहीभात, इतकेच काय पण मांसाच्या चवीची गोचिडांची गोळीही चालत नाही. तिच्याऐवजी मानेवर टाकायचे औषध घ्यावे. चाचणीनंतर पुन्हा चिकन देऊन पाहिल्याशिवाय चिकनची अॅलर्जी होती असे ठरवू नये.

हे मिश्रण आठ आठवड्यांपुरते ठीक आहे, आयुष्यभरासाठी नाही. घरचे अन्न कायम ठेवायचे असल्यास जस्त, आयोडीन आणि जीवनसत्त्वांचा हिशेब पशुआहार जाणणाऱ्याकडून करून घ्यावा; पुण्याहून शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय फार लांब नाही, आणि मुंबईकरांसाठी परळचे आहेच. रक्ततपासणीपूर्वी कुत्रा भरपूर मांस खातो हे पशुवैद्यांना अवश्य सांगावे, कारण अशा कुत्र्यांच्या अहवालात युरिया थोडा वाढलेला दिसू शकतो आणि तेवढ्यावरून मूत्रपिंडाच्या औषधांची धावपळ सुरू होते. पहिल्या दोन महिन्यांत दर पंधरा दिवसांनी वजन करावे. घट किंवा वाढ दीड किलोच्या पुढे गेली, तर भाताचे प्रमाण बदलावे, मटणाचे नव्हे.