टोरांटोहून कॅल्गरीला बदली झाली आहे. तिथली थंडी कोरडी असल्यामुळे वाजत नाही, हे खरं आहे का? दोन्ही शहरांच्या हवामानात नेमका फरक काय?

‘कोरडी थंडी वाजत नाही’ हे वाक्य कॅल्गरीला येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं जातं, आणि त्यावर विसंबून माणसं टोरांटोचेच कोट घेऊन येतात. म्हणून स्पष्ट सांगतो: उणे 30 ला थंडी वाजतेच. वाऱ्यासकटची थंडी, म्हणजे विंडचिल, उणे 28 ते उणे 39 असेल तर उघडी कातडी 10 ते 30 मिनिटांत गोठू शकते. उणे 40 च्या खाली 5 ते 10 मिनिटं पुरतात. हवा कोरडी आहे म्हणून त्यात एका मिनिटाचीही सवलत मिळत नाही. शाळेची बस उशिरा आली तर मुलांचा तेवढा वेळ थांब्यावरच जातो. त्यांना पाच बोटांचे हातमोजे नकोत, मिटन्स, म्हणजे अंगठा वेगळा आणि चारही बोटं एकत्र राहतील असे मोजे घ्या.

गैरसमज येतो तो उणे 5 च्या दिवसांमुळे. टोरांटोत शून्याच्या आसपास रस्त्यावर बर्फाचा चिखल, ढगाळ आभाळ, ओले बूट आणि ऑन्टॅरिओ सरोवरावरचा बोचरा वारा असतो. कॅल्गरीत उणे 5 ला लख्ख ऊन पडतं आणि खरोखर बरं वाटतं. पण उणे 25 ला घनमीटरभर हवेत एक ग्रॅमही बाष्प मावत नाही, मग शहर कुठलंही असो. तिथे ओली थंडी आणि कोरडी थंडी हा भेदच संपतो.

सरासरी बघून फसू नका. जानेवारीची सरासरी कॅल्गरीत साधारण उणे 7, टोरांटोच्या मध्यवस्तीत उणे 4. तीन अंशांचाच फरक दिसतो, कारण कॅल्गरीच्या सरासरीत उणे 30 आणि अधिक 10 दोन्ही मिसळलेले असतात. हे अधिक 10 आणतो तो शिनूक वारा. पॅसिफिकवरची ओली हवा रॉकीज पर्वत चढताना पाऊस-बर्फ टाकते आणि किलोमीटरला साधारण 6 अंशांनी गार होते. पलीकडे कोरडी होऊन उतरताना मात्र किलोमीटरला जवळजवळ 10 अंशांनी तापते. महाबळेश्वरला धो धो आणि पसरणीचा घाट उतरून वाईला आलं की पाऊस कमी, ती पर्जन्यछाया इथेही आहे. म्हणूनच वर्षाचा पाऊस-बर्फ धरून कॅल्गरीत सुमारे 420 मिलीमीटर, टोरांटोत जवळजवळ दुप्पट.

पण शिनूकचं खरं नुकसान घराच्या छपराखालच्या माळ्यावर होतं, आणि ते कुणी आधी सांगत नाही. उणे 25 ची हवा आत येऊन 21 अंशांना तापली की तिची आर्द्रता पाच टक्क्यांहूनही कमी उरते. नाकातून रक्त येतं, हात फुटतात, तबल्याची पुडी ताणून सूर चढतो, तंबोऱ्याच्या भोपळ्याला तडा जाण्याची भीती. मग माणसं फर्नेसच्या (घर तापवणाऱ्या भट्टीच्या) ह्युमिडिफायरचा, म्हणजे हवा दमट करणाऱ्या यंत्राचा, काटा 45 टक्क्यांवर नेऊन ठेवतात. इथेच घात होतो. ही दमट हवा माळ्याच्या झाकणाच्या फटीतून आणि छतातल्या दिव्यांच्या कडांमधून वर जाते आणि छपराच्या फळ्यांना आतून दवासारखी चिकटून गोठते. थंडीची लाट दहा दिवस टिकली तर तिथे बर्फाचा पांढरा थर धरतो. मग शिनूक सुटतो, थर एका दुपारी वितळतो आणि दिव्याच्या कडेने पाणी टपकायला लागतं. लोक छप्पर गळतंय समजून छपरावरचे शिंगल्स बदलतात, हजारो डॉलर घालवतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

काटा बाहेरच्या तापमानाप्रमाणे फिरवायचा असतो. बाहेर उणे 10 असेल तर 40 टक्क्यांच्या आत, उणे 20 ला 25, उणे 28 च्या खाली 15. थंडीची लाट येण्याच्या आदल्या दिवशीच तो खाली आणा. माळ्याच्या झाकणाला चहूबाजूंनी फोमची पट्टी लावा. बाथरूमच्या पंख्याची नळी छपराबाहेर निघते की माळ्यातच सुटते, हे घर घेताना वर चढून बघा. कुकर लावला की चिमणीचा पंखा चालू हवा. तबल्या-तंबोऱ्यासाठी अख्खं घर दमट करायचं कारण नाही. वाद्य पेटीत किंवा जाड गवसणीत, आर्द्रता राखणाऱ्या पाकिटासोबत ठेवा आणि तबल्याचे गट्टे वर ठोकून ताण उतरवून ठेवा.

गाडीचं थोडक्यात. टोरांटोत मीठ पत्रा खातं, कॅल्गरीत रस्त्यावर टाकलेली खडी काच फोडते. टवका उडाला की त्याच आठवड्यात भरून घ्या, नाहीतर शिनूकच्या उलटसुलट तापमानात तडा काचभर पळतो. उणे 15 च्या खाली ब्लॉक हीटर, म्हणजे इंजिन गरम ठेवणारा विजेचा हीटर, निघण्याआधी तीन-चार तास लावा. टायमर घ्या, आणि वायर बाहेर वापरायचीच हवी, साधी वायर थंडीत कडक होऊन तडकते.

उन्हाळ्यात टोरांटोत घामाने जीव जातो, कॅल्गरीत जुलैच्या रात्रीही स्वेटर लागतो. गारांचा विमा मात्र नीट वाचा: 13 जून 2020 च्या एका गारपिटीत विमा कंपन्यांना एक अब्ज डॉलरहून जास्त भरपाई द्यावी लागली. टोमॅटोची रोपं मे संपेपर्यंत बाहेर लावू नका.

आर्द्रतेचे वरचे आकडे दुहेरी काचेच्या सर्वसाधारण घरासाठी आहेत. तिहेरी काचा असतील तर थोडी जास्त चालते. पण काचेच्या खालच्या कडेला पाण्याची रेघ दिसली, तर कुणी काहीही म्हणो, काटा पाच टक्क्यांनी खाली आणा.