ॲमस्टरडॅम–फ्रँकफर्ट प्रवासात कोलोनचं कॅथेड्रल बघायला उतरावं का?

तुम्ही विचारलंय की जूनमध्ये ॲमस्टरडॅमहून फ्रँकफर्टला रेल्वेने जाताना जर्मनीतलं कोलोन वाटेतच लागतं. सोबत सत्तरीतले आई-वडील आणि आठ वर्षांची मुलगी आहे. वडील म्हणताहेत, "गॉथिक म्हणजे आपलं व्हीटीच की, ते तर जन्मभर बघितलं." (गॉथिक म्हणजे मध्ययुगातली, टोकदार कमानींची बांधकामशैली.) मग त्या एका चर्चसाठी सामानसुमान घेऊन उतरायचं का?

उतरा. तीन तास काढता येत असतील तर नक्की उतरा. जेमतेम पाऊण तास असेल तर मात्र गाडीतच बसा. गाडी ऱ्हाइनवरच्या पुलावरून स्टेशनात शिरते तेव्हा तोंड गाडीच्या दिशेला असेल तर डाव्या हाताला ते दिसतंच, आणि चांगलं दिसतं. पाऊण तासात माणूस स्टेशनाबाहेर येतो, चौकात मान वर करून दोन मनोरे बघतो, फोटो काढतो आणि परत फिरतो. त्याने बघितलेला भाग म्हणजे या इमारतीचा सगळ्यात नवा भाग असतो. तेवढंच बघून "मोठं आहे, काळं आहे" असं म्हणत परतलेले पुष्कळ लोक मला माहीत आहेत. मी बॉनला राहते, कोलोन इथून अर्ध्या तासाच्या आत आहे, त्यामुळे घरी आलेल्या पाहुण्यांना तिथे नेणं हे माझंच काम असतं.

आधी बाहेरून. पायाचा दगड 15 ऑगस्ट 1248 ला बसवला. फ्रान्समधल्या आमिएंच्या कॅथेड्रलचा नमुना समोर होता आणि गेऱ्हार्ड नावाचा मुख्य गवंडी काम बघत होता. पूर्वेकडचा, वेदीचा भाग 1322 मध्ये पूजेसाठी खुला झाला. पुढे दक्षिणेकडचा मनोरा थोडा वर चढला, पैसा आटला, उत्साहही आटला, आणि सोळाव्या शतकात काम थांबलं. त्या अर्धवट मनोऱ्यावर दगड उचलायची लाकडी यारी तशीच उभी राहिली. पिढ्यान् पिढ्या, तीनशेहून अधिक वर्षं. कोलोनच्या जुन्या चित्रांत शहराची ओळख म्हणून हीच यारी दिसते. ती उतरवली 1868 मध्ये.

पुन्हा काम सुरू होण्यामागची गोष्ट मला फार आवडते. समोरच्या बाजूचा मध्ययुगीन आराखडा चर्मपत्रावर काढलेला होता, चार मीटरहून उंच. तो फ्रेंच ताब्याच्या धामधुमीत नाहीसा झाला होता. त्याचा अर्धा तुकडा 1814 मध्ये डार्मस्टाटला सापडला आणि दुसरा अर्धा 1816 मध्ये पॅरिसला. 1842 मध्ये प्रशियाच्या (तेव्हाच्या एका मोठ्या जर्मन राज्याच्या) राजाने, चौथ्या फ्रीडरिश विल्हेल्मने, नव्याने पायाभरणी केली. सामान्य नागरिकांनी संस्था काढून वर्गणी गोळा केली आणि 1880 मध्ये काम पुरं झालं. म्हणून कुणी "हे खरं मध्ययुगीन नाही, एकोणिसाव्या शतकातली नक्कल आहे" असं म्हटलं तर मला ते पटत नाही. मनोरे नवे आहेत हे खरं, पण ते त्यांच्याही सुमारे सहाशे वर्षं आधीच्या माणसाने काढलेल्या रेषांवरून चढवले आहेत. तो चर्मपत्रावरचा आराखडा आजही आत, वेदीमागच्या एका छोट्या कक्षात आहे. उजेडाने खराब होऊ नये म्हणून पडद्याआड ठेवलेला असतो.

काळेपणाबद्दल सगळेच विचारतात, "बाँबहल्ल्यात जळलं का?" नाही. दुसऱ्या महायुद्धात या इमारतीला चौदा मोठे बाँब लागले, भोवतालचं शहर जवळजवळ सपाट झालं, पण हे उभं राहिलं. काळा रंग कोळशाच्या आणि कारखान्यांच्या धुराचा, आणि आम्लयुक्त पावसाचा आहे. त्यातही सगळा दगड सारखा काळा नाही, कारण तो एका ठिकाणचा नाही. मध्ययुगातला बराचसा दगड बॉनच्या जवळ, नदीच्या पलीकडच्या ड्राखनफेल्स डोंगरातला आहे. तो फोडून होड्यांनी ऱ्हाइनमधून खाली न्यायचे. डोंगर पोखरून संपेल म्हणून 1836 मध्ये प्रशियाच्या सरकारने तो विकत घेऊन खाण बंद केली. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात दुसरीकडून दगड आणावा लागला, आणि त्यातला श्लाइटडोर्फचा वालुकाश्म फार लवकर झिजतो. म्हणून बाहेर कुठे ना कुठे परांची बांधलेली दिसेलच. तिच्यामुळे हिरमुसू नका. कॅथेड्रलची स्वतःची कार्यशाळा आहे, तिथे पाथरवट, काचकाम करणारे, लोहार असे कारागीर वर्षभर कामाला असतात. आठ वर्षांच्या मुलीला इमारत म्हणजे तयार होऊन संपलेली वस्तू नसते हे दाखवायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

आता वडिलांच्या व्हीटीबद्दल. त्यांचं निरीक्षण चुकीचं नाही. बोरीबंदरच्या इमारतीचं काम 1878 ला सुरू झालं, तेव्हा कोलोनचे मनोरे शेवटच्या टप्प्यात होते. एकाच काळातली, मध्ययुगाकडे वळून बघायची ही लाट होती. राजाबाई टॉवरचा आराखडा इंग्लंडमध्ये बसून करणाऱ्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने हॅम्बुर्गमधलं सेंट निकोलस चर्चही बांधलं, आणि त्याचा 147 मीटरचा मनोरा काही काळ जगातला सर्वांत उंच होता. पुढे 157 मीटरच्या कोलोनने तो मान 1880 ते 1884 स्वतःकडे ठेवला. म्हणजे मुंबईकर माणूस इथे परका नाही. टोकदार कमानी, दगडी पानं-फुलं, भिंतीतून बाहेर झेपावणारे प्राणी हे सगळं त्याने बघितलेलं असतं.

पण बाबांना आत नेऊन पूर्वेच्या टोकाला उभं करा. व्हीटीच्या भिंती भार पेलतात. जाड आहेत आणि त्यांत खिडक्या कोरल्या आहेत. इथे वेदीच्या भागात भिंत जवळपास नाहीच. छताचा भार बारीक खांबांवरून आणि बाहेरच्या धिरे देणाऱ्या दगडी कमानींवरून जमिनीत उतरवला आहे, आणि भिंतीची रिकामी झालेली जागा काचेने भरली आहे. हे सगळं 43 मीटर उंचीवर, तेराव्या शतकात, दोरी, यारी आणि माणसांच्या बळावर. बाँबहल्ल्यात इमारत टिकली त्यामागेही हाच सांगाडा आहे. स्फोटाचा दाब अडवायला सलग भिंत नव्हती, खिडक्या फुटल्या आणि हवा आरपार गेली. जुन्या काचा त्याआधीच उतरवून सुरक्षित ठेवल्या होत्या. व्हीटीमध्ये जे रूप आहे, त्याचं मूळ कारण इथे कळतं. माझ्या मते उतरायचं ते यासाठी.

आत सगळं बघायचा अट्टहास करू नका, लोक दमतात. मी पाहुण्यांना मोजक्याच जागी थांबवते.

वेदीच्या मागे सोन्याची मोठी पेटी आहे, सव्वादोन मीटर लांब, एखाद्या छोट्या चर्चच्या आकाराची. येशूच्या जन्मानंतर भेटीला आलेल्या तीन राजांचे अवशेष तिच्यात आहेत अशी श्रद्धा आहे. हे अवशेष 1164 मध्ये मिलानहून इथे आणले आणि यात्रेकरूंची रीघ लागली. ती गर्दी सामावून घ्यायला, आणि त्या अवशेषांना साजेसं घर द्यायला, हे एवढं मोठं कॅथेड्रल हवं झालं. पेटी घडवली निकोलस ऑफ व्हर्दं या सोनाराने आणि त्याच्यानंतरच्या कारागिरांनी. तुमच्या आई पंढरीची वारी, देवाच्या पालख्या बघत आल्या असतील तर त्यांना हे कुणी समजावून सांगावं लागणार नाही. कॅथेड्रल हे मुळात यात्रेचं ठिकाण आहे, पर्यटन नंतर आलं.

पेटीच्या डावीकडे, म्हणजे उत्तरेला, गेरो या तेव्हाच्या आर्चबिशपच्या नावाचा क्रूस. लाकडी आहे, दहाव्या शतकाच्या शेवटचा, म्हणजे आताच्या इमारतीपेक्षाही कितीतरी जुना. त्याआधीचे येशू क्रुसावर बहुधा विजयी, ताठ असे दाखवलेले असत. इथे मान खाली पडलेली आहे, पोट ओघळलेलं आहे, मरण आलेलं आहे. मी जाते तेव्हा इथे सर्वांत जास्त वेळ थांबते. धर्म कुठलाही असो, तो चेहरा सोडून लगेच पुढे जाता येत नाही. उजवीकडच्या कक्षात श्टेफान लोखनर या चित्रकाराचं पंधराव्या शतकातलं चित्र आहे, तेही बघा.

आणि दक्षिणेच्या बाजूची उंच खिडकी, गेऱ्हार्ड रिश्टर या आधुनिक चित्रकाराची, 2007 मधली. युद्धानंतर तिथे साधी काच होती. आता 72 रंगांचे 11,263 चौकोनी तुकडे आहेत, एकही संत नाही, एकही कथा नाही. तेव्हाच्या आर्चबिशपांना ती पसंत नव्हती आणि वादही झाला. मला विचाराल तर ती तिथेच असायला हवी. दुपारी ऊन असेल तर तिचे रंग जमिनीवर आणि खांबांवर सांडतात, आणि मुली-मुलांना सगळ्या कॅथेड्रलमध्ये हेच सगळ्यात आवडतं. म्हणून जमलं तर अकरा-बाराच्या सुमाराला पोचाल अशी गाडी घ्या. त्याच वेळी ढग असतील तर उपाय नाही.

आता सामान. मोठ्या बॅगा आत नेऊ देत नाहीत. स्टेशनात सामान ठेवायची यंत्रं आहेत, तिथे ठेवून मगच बाहेर पडा. स्टेशनाचं दार आणि कॅथेड्रल यांच्यात एक चौक आणि पायऱ्या, एवढंच अंतर आहे. गर्दीत खिसेकापू असतात, पासपोर्ट आतल्या खिशात ठेवा. प्रार्थना चालू असताना फिरू देत नाहीत, त्यामुळे रविवारची सकाळ टाळा. उघडण्याच्या वेळा आणि प्रवेशाचे नियम अधिकृत संकेतस्थळावर आदल्या दिवशी बघून घ्या. खांदे-गुडघे झाकलेले असावेत आणि टोपी काढावी, एवढं भान ठेवलं की झालं.

मनोऱ्यावर 533 पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, जिना गोल आणि अरुंद, चढणारे आणि उतरणारे एकाच जिन्यावर. आई-वडिलांनी चढू नये हे मी स्पष्टच सांगते. मुलगी उत्साही असेल तर तुमच्यापैकी एकाने तिला न्यावं. वाटेत 24 टनांची घंटा बघायला मिळते, वरचा नजारा दुय्यम आहे. तेवढ्या वेळात आजी-आजोबांना आत बाकावर बसवा. तिथे कुणी उठवत नाही.

वेळ उरला तर स्टेशनामागच्या पुलावरून चालत नदीपलीकडे, डॉइट्सच्या काठावर जा. पंधरा-वीस मिनिटं लागतात, पुलाच्या जाळीवर प्रेमिकांनी लावलेली असंख्य कुलपं दिसतात. या जागी पहिला रेल्वेपूल 1859 मध्ये झाला, तो कॅथेड्रलच्या रेषेतच यावा हा राजाचा आग्रह होता. त्यामुळे समोरच्या काठावरून सगळी इमारत एका नजरेत मावते, जे चौकातून कधीच होत नाही. फोटो तिथून काढा.

भूक लागली तर किसलेल्या बटाट्याच्या, तेलात तळलेल्या चपट्या टिक्क्या मिळतात, सोबत सफरचंदाचा गर देतात. घरचे शाकाहारी असतील तर अंडं असतं का ते विचारून घ्या, बहुधा असतं.

कुणी उतरू नये? याच प्रवासात पुढे पॅरिसहून शार्त्र किंवा आमिएंचं कॅथेड्रल बघायला जाणार असाल, आणि आई-वडिलांची एका दिवसात दोनदा सामान उचलायची तयारी नसेल, तर कोलोन सोडलं तरी चालेल. शार्त्रच्या जुन्या काचा याहून सरस आहेत. पण तुम्ही फ्रँकफर्टहून थेट मुंबईला परतणार असं लिहिलंय, म्हणजे तो प्रश्न उरत नाही. कॅथेड्रलसाठी मुक्काम करायची गरज नाही, आणि मुद्दाम वाट वाकडी करून या असंही मी म्हणणार नाही. तुमच्या वाटेवर आहे, म्हणून उतरा.

तिकिटाचं एक. स्वस्तातलं तिकीट ठरावीक गाडीपुरतंच चालतं, मध्येच उतरून पुढच्या गाडीत बसता येत नाही. म्हणून जर्मन रेल्वेच्या संकेतस्थळावर तिकीट काढतानाच कोलोन हा मधला थांबा घाला आणि तिथे चार तास थांबणार असं भरा. थांबा ‘कोलोन मुख्य स्थानक’ हाच आहे ना ते बघा, कारण काही गाड्या नदीपलीकडे डॉइट्सलाच थांबतात. कोलोनहून फ्रँकफर्ट वेगवान गाडीने सव्वा तासाच्या आसपास आहे, संध्याकाळी आरामात पोचाल.